बिनकाठाची रोपे

पिवळ्या काठाच्या एका झाडाचे पान कापून त्याचे तुकडे मातीत लावले. तुकडे जगले, त्यांना मुळे फुटली, आणि त्यांच्या पायाशी नवी रोपे वर आली. ही सगळी रोपे नखशिखांत हिरवी होती; काठ एकालाही नव्हता. पुढच्या वर्षी त्याच झाडाचे दुसरे पान घेऊन हाच उद्योग पुन्हा केला. रोपे पुन्हा हिरवीच आली.

उद्योग करणाऱ्या होत्या थोरल्या वहिनी. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगे घासून ती चौकटीत बसवणे हे त्यांचे काम, आणि कशावरही धुळीचा कण सहन न करणे हा त्यांचा स्वभाव. रोपे त्यांनी लावली होती ती आपल्या धाकट्या जावेसाठी. धाकटी बिस्किटे करी. बरीच वर्षे दुसऱ्याच्या भट्टीपुढे उभी राहिल्यावर तिने नुकतीच स्वतःची लहानशी बेकरी थाटली होती, आणि तिथल्या खिडकीत सासूबाईंच्या झाडाचे एखादे पिल्लू असावे, एवढीच तिची मागणी होती.

झाड स्नेक प्लँटचे. जाड, उभी, पात्यासारखी पाने. मधला भाग हिरवा, त्यावर गडद आडव्या लाटा, आणि दोन्ही कडांना करंगळीच्या नखाएवढा पिवळा काठ. सासूबाई टपाल कचेरीत खिडकीमागे बसत, तेव्हा ही कुंडी त्यांच्या कोपराशी असे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले, ते लवकरच बंद पडले. कुंडी त्यांनी स्वतः उचलून घरी आणली, ती टिकली. त्या गेल्यावर कुंडी थोरल्या सुनेकडे राहिली आणि पत्रे तोलायचा, कचेरीने मोडीत काढलेला काटा धाकटीकडे गेला. बिस्किटांचे गोळे ती अजून त्याच काट्यावर तोले. वाटणीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार आली ती हिरव्या रोपांबरोबर.

घर दुमजली होते. खाली थोरला भाऊ आणि वहिनी, वर धाकटा भाऊ आणि धाकटी, मध्ये एकच जिना, आणि रविवारचे जेवण सगळ्यांचे मिळून, खाली. पहिले रोप वर गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मोठं झालं की काठ येईल," आणि धाकटीने ते मानले. रोप मोठे झाले, काठ आला नाही. दुसरे गेले, तेही तसेच निघाले. तेव्हा धाकटी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "खरं झाड स्वतःला ठेवलं, आणि माझ्या तोंडाला पानं पुसली. तीही बाजारातली!"

हे वाक्य जिन्याने खाली उतरले.

त्यानंतर दोन्ही जावांचे बोलणे नवऱ्यांमार्फत होऊ लागले. निरोपे म्हणून ते दोघेही कुचकामी होते. एक निम्मे विसरे आणि दुसरा निम्मे स्वतःच्या पदरचे घाली. रविवारचे जेवण बंद पडले. धाकटी बेकरीजवळ भाड्याची जागा पाहून आली, आणि तिला ती आवडलीही.

भाड्याच्या जागेची बातमी कळताच दोन्ही भावांची मधली बहीण बेचैन झाली. ती कॉलेजात जीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेई. कोणी काही सांगितले की "कशावरून?" हा तिचा पहिला प्रश्न असे, म्हणून भावांनी शाळेपासूनच तिचे नाव पुरावाबाई ठेवले होते, आणि आता तेच सगळ्यांच्या तोंडी बसले होते. पुरावाबाई शेजारच्या गल्लीत एकट्या राहत. रविवारचे ते एक ताट हा त्यांच्या आठवड्याचा कणा होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला बोलून दाखवलेली नव्हती. आता त्यांना एका मजल्यावर एक आणि दुसऱ्या मजल्यावर दुसरे, अशी दोन जेवणे जेवावी लागत. दोन्हीकडे भाजी एकच निघे, कारण दोघी एकाच भाजीवालीकडून घेत. फक्त बोलणे वेगवेगळे ऐकावे लागे. पोटाला आणि कानांना हे फार काळ झेपण्यासारखे नव्हते.

"वन्सं, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या, "मी असं करीन?"

"तुम्ही कराल की नाही ते मला कसं कळणार, वहिनी? तुम्ही काय केलंत ते सांगा."

वहिनींना राग आला. पण रागातही त्यांचे सांगणे घासूनपुसून लख्ख असे. पान बुडाशी कापले. त्याचे बोटभर लांबीचे तुकडे केले. कापलेली कड वाळू दिली, मग वाळूमिश्रित मातीत तुकडे उभे केले. रोप वितीएवढे झाले की जुना तुकडा छाटून टाकला आणि नव्या कुंडीत रोप लावून वर पाठवले.

"थांबा. जुना तुकडा छाटलात? कशासाठी?"

"मग काय, तसाच देऊ? सुरकुतलेला, टोकाला कुजलेला! भेट म्हणून असलं कोणी देतं का?"

पुरावाबाईंनी कपाळाला हात लावला. त्या तुकड्याला पिवळा काठ होता. हिरव्या रोपाच्या पायाशी चिकटलेला तो तुकडा म्हणजे या खटल्यातला एकुलता एक साक्षीदार. आणि वहिनींनी निव्वळ नीटनेटकेपणापायी त्याला केराची टोपली दाखवली होती. दोनदा.

"बरं, बाजूचा एखादा फुटवा मुळासकट का नाही काढून दिलात? नर्सरीवाले तसंच करतात."

"कुंडी बघा," वहिनी म्हणाल्या.

पुरावाबाईंनी पाहिली. मातीची जुनी कुंडी, तोंडाशी टवका उडालेली. झाडाने ती इतकी गच्च भरली होती की बोट खुपसायला जागा नव्हती. फुटवा काढायचा तर कुंडी फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"सासूबाईंची कुंडी मी फोडू?" वहिनींनी विचारले. या प्रश्नाला पुराव्याची गरज नव्हती.

वरच्या मजल्यावर धाकटी पीठ चाळत होती. तिने मागे वळून न पाहता म्हटले, "आलात? म्हणजे आता तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या."

"मी कोणाच्याच बाजूची नाही. काठ कुठे गेला एवढंच मला हवंय."

"काठ कुठे जाणार? काठ खाली आहे, मूळ झाडाला. माझ्याकडे आलेलं झाडच वेगळं आहे."

"असेल. कशावरून?"

"वन्सं, पिठाचा हात आहे माझा. लागेल."

पुरावाबाई मागे सरकल्या. धाकटीचे म्हणणे त्यांना खोटे वाटत नव्हते. ते फक्त सिद्ध झालेले नव्हते. वहिनींचेही तसेच. भावांनीही आपापली मते मांडली. थोरल्याच्या मते उजेड कमी पडला, धाकट्याच्या मते खत जास्त झाले. दोघांनी आयुष्यात मेथीची एक काडीसुद्धा पिकवलेली नव्हती. पुरावाबाईंनी ती मतेही झटकून टाकली नाहीत. उजेड किंवा खत कारण असेल, तर वरची आणि खालची रोपे वेगवेगळी निघायला हवीत. ते तपासणे सोपे होते.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी दोघींना जिन्याच्या मधल्या चौकात बोलावले. वर नाही, खाली नाही. कुंडी आणवली. दोघींच्या देखत, ज्याचा काठ सगळ्यात ठसठशीत होता ते पान धाकटीने निवडले आणि वहिनींनी कापले. भिंगावर खुणा करायच्या मेणाच्या पेन्सिलीने वहिनींनी प्रत्येक तुकड्यावर वरच्या दिशेचा बाण काढला, कारण तुकडा उलटा लावला तर त्याला मुळे फुटत नाहीत. मग पुरावाबाईंनी पत्ते वाटावेत तसे तुकडे वाटले: एक वरचा, एक खालचा, पुन्हा एक वरचा.

"आणि वहिनी, तुकडा कितीही कुरूप झाला तरी छाटायचा नाही. शपथ घ्या."

"शपथेवर तुमचा विश्वास कधीपासून बसला?"

"नाहीच बसला. म्हणून कात्री माझ्याकडे द्या."

धाकटी हसली. हसू बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आले आणि तिने चेहरा पुन्हा गंभीर केला. पण ते सगळ्यांनी पाहिले होते.

"ती भाड्याची जागा," पुरावाबाईंनी विचारले, "रोपं येईपर्यंत थांबेल?"

"मालकाला रंग काढायचाय. थांबेल. पण काठवालं झाड मला मुद्दामच दिलं नाही असं ठरलं, तर मी नाही थांबायची."

मुळे फुटायला आठवडे लागतात आणि कोंब दिसायला महिने. या काळात दोघींना एक अडचण आली. ज्या गोष्टीची दोघींना सारखीच उत्सुकता आहे, ती नवऱ्यांमार्फत विचारणे फार गैरसोयीचे असते. थोरल्याने वर जाऊन "तुमचं काही उगवलं का?" असे विचारले आणि धाकट्याने, प्रश्न बेकरीबद्दलचा समजून, तिच्या जाहिरातीबद्दल सांगितले. शेवटी एका सकाळी जिन्यातच गाठ पडली.

"ताई, माझा एक तुकडा मऊ लागतोय."

"पाणी जास्त झालं. पिठासारखं भिजवू नकोस त्याला."

"तुमचे?"

"हलवून पाहिले, हलत नाहीत. मुळं धरली असणार."

"हलवायचं कशाला मग? राहू द्या ना त्यांना."

एवढेच. पण दुसऱ्या दिवशीही तेवढेच झाले, आणि नंतर थोडे जास्त. पुरावाबाईंच्या कानावर हे आले तेव्हा त्यांनी सकाळच्या वेळी त्या जिन्याकडे फिरकणे टाळले. प्रयोग चालू असताना उपकरणाला हात लावायचा नसतो.

कोंब आधी वर दिसले, मग खाली. वाढली तशी पाने उलगडली. एकूण एक हिरवी होती. प्रत्येक रोपाच्या पायाशी पिवळ्या काठाचा, बाण काढलेला, सुरकुतलेला तुकडा घट्ट उभा होता. वरच्या रोपांत आणि खालच्या रोपांत तिळमात्र फरक नव्हता. उजेड आणि खत दोन्ही बाद झाले. भावांनी पराभव खेळाडूवृत्तीने स्वीकारला, म्हणजे आपण असे कधी बोललोच नव्हतो असे सांगितले.

धाकटी आपली कुंडी दोन्ही हातांत धरून खाली आली. पुरावाबाई तिथेच होत्या.

"ताई, हे बघा."

"हं."

"मीच लावलं होतं. माझ्याच हातानं."

"हो."

"मग मी जे बोलले होते, ते..."

"मी काही ऐकलं नाही," वहिनी म्हणाल्या.

हे धादांत खोटे होते. पुरावाबाईंनी जन्मात पहिल्यांदा एक विधान "कशावरून?" न विचारता सोडून दिले.

त्या रविवारी जेवण खाली झाले. धाकटीने स्वतःच्या बेकरीतली बिस्किटे आणली होती: पांढरी गोल चकती, कडेने कोकोचा तपकिरी काठ. पुरावाबाईंनी कॉलेजातला एक जुना सूक्ष्मदर्शक आणला होता. वहिनी निर्दोष ठरल्या, भाड्याच्या जागेचा विषय कोणी काढला नाही, सगळे खूश होते. फक्त काठ कुठे गेला ते अजून कोणालाच ठाऊक नव्हते, आणि पुरावाबाईंनी ताट सारून सूक्ष्मदर्शक पुढे ओढला.

त्यांनी पानाचा कागदासारखा पातळ काप काचपट्टीवर ठेवला. आधी वहिनींनी डोळा लावला.

"भिंग छान आहे हो. कडेला जरा रंग फाकतोय, पण घासलंय मात्र मन लावून."

"वहिनी, भिंग नाही बघायचं. भिंगातून बघायचं."

"बघतेय. खणच खण आहेत. इकडच्या खणांत हिरवे मणी ठासून भरलेत, तिकडचे मोकळे."

"तिकडचे म्हणजे काठातले. त्या खणांना पेशी म्हणतात. हिरवे मणी म्हणजे हरितकण. आता ऐका. प्रत्येक पेशीत डीएनए असतं, आणि त्यात सगळ्या झाडाची कृती असते. पेशी त्या कृतीप्रमाणे आपली प्रथिनं बनवते, आणि हिरवं द्रव्य त्या प्रथिनांच्या कामातूनच तयार होतं. एका पेशीच्या दोन झाल्या की कृतीची नक्कल होते, दोघींना एकेक."

"आणि नक्कल करताना चुकलं तर?" धाकटीने विचारले. कृती उतरवून घेताना काय काय होते, ते तिला ठाऊक होते.

"तर पुढे त्या चुकीचीही नक्कल होते. अगदी बिनचूक."

"म्हणजे काठातल्या पेशींजवळ हिरवं करायची कृती बिघडलेली."

"हो. बाकी सगळी शाबूत. स्वतःचं अन्न त्या करू शकत नाहीत. आतल्या हिरव्या पेशी त्यांना पोसतात."

"कुठं बिघडलीय पण?" वहिनींनी विचारले. दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय त्या भिंगही परत करत नसत.

"माहीत नाही. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत असेल, नाहीतर हरितकणांचं स्वतःचं थोडं डीएनए असतं, त्यात असेल. मी तपासलेलं नाही, म्हणून सांगणार नाही."

"वन्सं, एकदा तरी अंदाज करा हो!"

"एकदा केला होता. पस्तावले."

धाकटी हातातल्या बिस्किटाकडे पाहत होती. "थांबा," ती म्हणाली. "मी पांढऱ्या पिठाची लांब वळी करते. तिच्यावर कोकोचा थर गुंडाळते. मग वळी कापली की प्रत्येक चकतीला आपोआप काठ येतो. पण वळीच्या पोटातलं चिमूटभर पीठ काढून त्याचं नवं बिस्किट वळलं, तर..."

"तर काठ कुठून यायचा?" वहिनी म्हणाल्या. "पोटात कोको नाहीच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि मग विजयी मुद्रेने पुरावाबाईंकडे.

"बरोबर वाटतंय," पुरावाबाई म्हणाल्या. "झाडाच्या शेंड्यात पेशींचे थर एकावर एक असतात, तुझ्या वळीसारखेच. चूक वरच्या बाजूच्या एका थरात. पोटातला थर शाबूत. पानाच्या तुकड्यातून रोप येतं ते आतल्या पेशींपासून. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे."

"झालं सुरू," थोरला भाऊ ताटावरून म्हणाला.

"हे खरं असेल, तर नुसत्या पिवळ्या काठाची पट्टी लावली की एकतर काहीच येणार नाही, नाहीतर नुसतं पिवळं रोप येईल, आणि ते जगणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. हिरवं आलं, तर माझं चुकलं."

पट्ट्या लावल्या. बहुतेक वाळून गेल्या. एकीच्या पायाशी मात्र मेणासारखा पिवळा कोंब आला. सगळे घर त्याच्या कौतुकात गुंतले. भाऊसुद्धा वाकून पाहून जात. जुन्या पट्टीतला साठा होता तोवर त्याने तग धरला. पट्टी आक्रसली तसा तोही मान टाकू लागला आणि एक दिवस मातीला टेकला. वहिनींना वाईट वाटले. पुरावाबाईंनाही वाटले, पण त्यांनी आधी सांगितले तसेच घडले होते, आणि त्यांच्या दृष्टीने या जगात याहून मोठे समाधान फारसे नाही.

राहिली ती धाकटीची मागणी. काठ हवा तर सगळे थर जसेच्या तसे असलेला कोंब हवा, आणि तो मिळतो मातीखालच्या खोडाला फुटणाऱ्या फुटव्यात. म्हणजे पुन्हा कुंडी.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "मला हिरवंही चालेल. वाढतं भराभर."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या आणि दुकानातली लहान हातोडी घेऊन आल्या. कुंडी त्यांनी खिडकीतून उचलून जिन्याच्या चौकात आणली, मारायच्या जागेसाठी ती चहूबाजूंनी फिरवली, आणि थबकल्या. मागच्या अंगाला, खिडकीच्या गजांकडे असलेल्या बाजूला, तोंडापासून बुडापर्यंत भेग गेली होती. भेगेतून बोटासारखे जाड खोड बाहेर डोकावत होते, आणि त्याच्या टोकाला कोंब होता. घरातला कण न् कण पुसणाऱ्या वहिनींनी ही कुंडी कधी फिरवलेली नव्हती. सासूबाईंनी ठेवली होती तशीच त्या भोवतीने पुसत आल्या होत्या, आणि प्रयोगासाठी चौकात नेली तेव्हाही तिचे तोंड न बदलता परत ठेवली होती.

"झाडानं स्वतःच फोडलीय की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हातोडी खाली ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाब दिला, आणि कुंडी सरळ दोन खापरांत उघडली.

वहिनींनी खोड स्वच्छ सुरीने एकाच घावात कापले. अर्धे झाड खाली नव्या कुंडीत गेले, अर्धे बेकरीच्या खिडकीत. खापरे धाकटीने मागून घेतली आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून दोन्ही नव्या कुंड्यांच्या तळाशी घातली. भेगेतून डोकावणारा कोंब तिच्या वाट्याला आला होता. त्याची पहिली पाने उलगडली तेव्हा तिने पुरावाबाईंना बेकरीत बोलावून घेतले आणि पत्रांच्या काट्याशेजारची कुंडी उजेडाकडे वळवली. दोन्ही कडांना पिवळा काठ होता.

"आता तरी पटलं?"

"एका फुटव्यावरून?" पुरावाबाई म्हणाल्या. "आणखी येऊ देत." पण म्हणताना त्या धाकटीने पुढे केलेले बिस्किट खात होत्या. भाड्याची जागा रंग काढून दुसऱ्याच कोणाला गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

आणखी फुटवे आले. सगळ्यांना काठ होता. तेव्हा पुरावाबाईंनी कारण सांगितले ते असे. या झाडाच्या शेंड्यातल्या एका थराच्या पेशींत हिरवे द्रव्य करण्याची सूचना डीएनएत बिघडलेली आहे, आणि पेशी दुभंगताना ती चूक त्या थरातल्या प्रत्येक पेशीत उतरते. त्या थरापासून काठ होतो. आतल्या थराच्या डीएनएत ती चूक नाही. पानाच्या तुकड्यातून येणारे रोप आतल्या पेशींपासून वाढते आणि त्या पेशींजवळ जे डीएनए आहे तेवढेच त्याला मिळते. म्हणून त्याला काठ येत नाही.